धोंडीबा जगदाळे आणि खालची अक्षरं

धोंडीबा जगदाळेला अस्सल गोष्टींचं भारी वेड. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो सुट्या भागांची मापं तपासायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचा. नकली म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडलीच. फक्त स्वतःचं नाव त्यानं कंपनीत 'धीरज' सांगितलं होतं. वर्तकनगरात रंगूबाई, म्हणजे त्याची आई, गॅलरीतून "आरं धोंड्या!" अशी हाळी द्यायची, तेव्हा हा रस्त्यात थांबून दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत असा चेहरा करायचा.

एक्क्याण्णव साली तो विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेरच्या फॉरेनच्या मालाच्या दुकानात जुना व्हीसीआर घ्यायला गेला. दुकानदारानं त्याच्या गळ्यात सहा कॅसेटीही मारल्या. कुणा बोटीवरच्या माणसानं आणलेल्या. चित्रं जपानी, बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. त्या दिवसापासून गडी कामातून गेला.

"कार्टून नाही म्हणायचं. अ‍ॅनिमे," तो कॅन्टीनमध्ये सांगायचा. "आणि बघायचं तर सबटायटल वाचून. आवाज म्हणजे माणसाचा आत्मा. तो काढून तिथं दुसऱ्याचा कोंबायचा, त्याला म्हणतात डबिंग." समोरचे लोक मान हलवायचे आणि त्याच्या डब्यातली भाजी संपवायचे.

दर रविवारी सकाळी टीव्हीवर एक जपानी कार्टून हिंदीतून लागायचं. शेजारच्या आवडाबाईंकडे अख्ख्या मजल्यावरची पोरं जमायची. एकदा धोंडीबा आत शिरला आणि त्यानं टीव्हीचा आवाजच बंद केला.

"काका, काहीच ऐकू येत नाही!" पोरं ओरडली.

"नाहीच यायला पाहिजे. ते हिंदी खोटं आहे."

आवडाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "भावजी, तुमच्या घरी आहे ना टीव्ही? मग तुमच्याच टीव्हीला घ्या की मुका करायला!"

मुका या शब्दावर पोरं जी खिदळली, ती पुढचे दोन महिने जिन्यात धोंडीबा दिसला की खिदळतच राहिली.

लग्नासाठी मुलगी बघायला तो कोपरला गेला. मुलगी, नंदा, शाळेत इंग्रजी शिकवायची. पोहे झाल्यावर यानं घसा खाकरून विचारलं, "तुम्हाला डबिंग चालतं का?"

मुलीचे वडील दचकले. "छे हो, आमच्या घरात असलं कुणी काही करत नाही!"

नंदाला हसू आवरेना. "मला कळल्याशी कारण," ती म्हणाली. धोंडीबानं तो होकार धरला आणि त्र्याण्णवच्या मे महिन्यात लग्न झालं. नंदा मात्र त्या कॅसेटींच्या वाटेला गेली नाही. दिवसभर पोरांचं इंग्रजी वाचून आल्यावर संध्याकाळी आणखी इंग्रजी कोण वाचणार?

पुढच्या वर्षी रंगूबाई रेशन दुकानाच्या पायरीवरून घसरली. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर आलं आणि तिची खाट बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर पडली. आता धोंडीबाला तिच्यादेखतच अ‍ॅनिमे बघावं लागलं.

"काय म्हनतीया रं ती पोरगी?"

"आई, तू मूळ आवाज ऐक. त्यात सगळं आलं."

"काय डोंबल आलं? तव्यावर पानी पडल्यागत चरचरतंय नुसतं. तुला वाचाया येतंय न्हवं? मग सांग की!"

त्यानं दोन दिवस दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी आईनं जेवायला नकार दिला, तेव्हा तो हळू आवाजात सांगू लागला. आई म्हणाली, मोठ्यानं. मग मोठ्यानं. आई म्हणाली, म्हातारा म्हाताऱ्यावानी बोलू दे. मग म्हातारा खोकत बोलू लागला, सरदार मिशीवर ताव देत गरजू लागला आणि तलवारवाली पोरगी थेट आईच्या माण तालुक्यातल्या ठसक्यात भांडू लागली. भिंतीपलीकडून हे ऐकून आधी आवडाबाई आल्या, त्यांच्यामागून मजल्यावरच्या बाया. शनिवारी संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. डबिंगचा कट्टर वैरी एकटाच अकरा जणांचे आवाज काढत होता. कुणी तसं बोलून दाखवलं की म्हणायचा, "हे डबिंग नाही. हे समजावून सांगणं आहे."

एका शनिवारी नंदाही भाजी निवडत येऊन बसली. पडद्यावर ती तलवारवाली पोरगी गाव सोडून निघाली होती आणि पुलावर तिची आई उभी होती. धोंडीबा गहिवरून म्हणाला, "पोरी, सणाला तरी ये गं! मी वाट बघीन!" बायांनी डोळ्यांना पदर लावला. नंदाच्या हातातली गवार तशीच राहिली. खाली स्पष्ट लिहिलं होतं, परत येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिनं विचारलं, "काल पुलावर काय लिहिलं होतं हो?"

"तेच. ये म्हणून."

"आणि ते सरदाराचं? तो कर्ज मागत नव्हता. माफी मागत होता."

धोंडीबानं बशीत चहा ओतला. "अक्षरं पळतात गं," तो म्हणाला. "निम्मी ओळ वाचून होते, की गेली."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग तीन वर्षं लोकांना सबटायटल, सबटायटल करत होतात ते?"

केसाएवढ्या फरकावर माल परत करणारा माणूस खाली मान घालून चहा पीत राहिला. नंदाला आधी हसू आलं, मग राग, आणि मग त्याची दया. तरी तिनं सोडलं नाही. पुढच्या शनिवारी तीच कॅसेट पुन्हा लावायला लावली आणि त्याच्या शेजारी बसून खरी ओळ त्याच्या कानात सांगितली. पुलावरची आई या वेळी म्हणाली, "परत येऊ नकोस."

खोलीत गलका उठला. "हे काय? आई असं बोलेल का?" आवडाबाई कडाडल्या. "गेल्या खेपेचीच बरी होती!"

धोंडीबानं जिंकल्यासारखं नंदाकडे बघितलं.

"बोलंल," खाटेवरून रंगूबाई म्हणाली. सगळ्याजणी वळल्या. "दुष्काळात आमी गाव सोडलं, तवा धोंड्या कडंवर हुता. एस्टीत चढताना माझी आय हेच बोलली. माघारी येऊ नगं, हितं पोराला काय घालशील?" तिनं पडद्यावरच्या अक्षरांकडे बोट केलं. "लिवनाऱ्यानं बराबर लिवलंय. मागल्या खेपेला तूच वंगाळ वाचलंस, धोंड्या."

त्यानंतर वाचायचं नंदानं आणि बोलायचं त्यानं, असं ठरलं. आईचं प्लास्टर निघालं, घरात केबल आली, तरी शनिवार चालू राहिला. सत्त्याण्णवच्या थंडीत त्याचा घसा बसला. व्हीसीआर ठणठणीत, कॅसेट तयार, नंदा समोर बसलेली, पण आवडाबाईंनी बायांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, "भावजींना आवाज नाही, बघायचं काय?" आत धोंडीबा हळदीचं दूध पीत बसला होता. ते ऐकून त्याला इतका आनंद झाला, की बसक्या घशानंच तो नंदाला म्हणाला, "डबिंगला माझा विरोध कायम आहे."