भिंतीला लावलेली खुर्ची

हनीफभाई गेल्याचं कळलं तेव्हा, खरं सांगतो, आधी मनात आलं, सुटलो... आता ती चिठ्ठी कुणी मागणार नाही. मग स्वतःचीच लाज वाटली.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते परतवाड्यात आमच्या शेजारी राहायला आले. फौजेची गाडी दरीत कोसळून त्यांची कंबर गेली होती, सोबतचे दोघे डोळ्यांदेखत गेले होते. तेव्हापासून झोप नाही, धड चित्त नाही. हे नोकरीपायी झालं, एवढं सरकारने मान्य करावं म्हणून त्यांचा अर्ज होता. मी मास्तर, कॉपी पकडण्यात हयात गेलेली. संशय हाडीमाशी खिळलेला. हा माणूस रोज ताठ चालतो, बूट चकचकीत, याची कंबर दुखते? माझ्याकडे आले की खुर्ची सरकवून भिंतीला लावायचे, दाराकडे तोंड करून बसायचे. मला वाटायचं, कुणावर नजर ठेवतात हे?

अर्ज फेटाळला गेला. डॉक्टरांच्या बोर्डापुढे काय झालं ते त्यांनीच सांगितलं. "सायबानं इचारलं, कैसे हो? मी टाचा जुळवल्या अन् म्हनलं, एकदम ठीक, साहब!"

"पण काहून?"

"नोकरीभर तेच म्हनत आलो, गुरुजी. दुसरं तोंडातच येत नाई."

मला ही बनवाबनवी वाटली. अपिलासाठी शेजाऱ्याची चिठ्ठी हवी होती. "तुमाले दिसते तेवढंच लिवा," म्हणाले. नेमकं त्याच आठवड्यात वरूडला मी त्यांना संत्र्यांचे क्रेट ट्रकवर चढवताना पाहिलं. झालं! आज लिहितो, उद्या लिहितो, असं करत मी टाळत राहिलो. त्यांनी मागणं सोडलं, येणं मात्र सोडलं नाही.

चाळिसाव्याला भाभी म्हणाल्या, "वरूडले जावयाच्या संत्र्यांसाठी मजूर आलेच नाई तवा. पोरीसमोर नाई कसं म्हनतीन? मंग आठ दिवस फरशीवर पडून होते. तुमी आलते ना, तं भिंत धरून उठले होते."

मला आठवलं. दारातूनच मी विचारलं होतं, "काय हनीफभाई, कसं काय?" भिंतीवरचा हात न काढता ते म्हणाले होते, "एकदम ठीक, गुरुजी." आणि मी मनात म्हटलं होतं, बघा!

अपील आता भाभी चालवणार आहेत. माझ्याकडची ती खुर्ची अजून भिंतीलाच आहे; त्या अपघातापासून पाठीशी भिंत असल्याशिवाय त्यांना बसवतच नसे, हेही भाभींकडूनच कळलं. काल तिच्यात बसूनच मी चिठ्ठी लिहायला घेतली. पहिली ओळ लिहिली, 'ते ठीक नव्हते, आणि ते मला दिसत होतं.'