सहा दाणे डाळिंबाचे

नवा सिलिंडर लावला की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारीख लिहितो. काल या तारखा पाहताना ध्यानात आलं, की एरवी दोन महिने पुरणारा सिलिंडर लेक माहेरी आली की सव्वा महिन्यात संपतो. ती गेली, की बायकोचा स्वयंपाक पुन्हा वरण-भातावर येतो.

ग्रीक पुराणात ऋतूंची गोष्ट अशीच आहे. धान्याची देवता डिमीटर. तिची मुलगी पर्सेफनी हिला पाताळाच्या राजाने पळवून नेलं, तेव्हा आईने दुःखाने पृथ्वीवर काही उगवूच दिलं नाही. शेवटी मुलगी परत मिळाली, पण तिने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. कुणी चार सांगतं, कुणी सहा. जिथलं अन्न खाल्लं तिथे परतावंच लागतं, म्हणून दरवर्षी तितके महिने तिला तिकडे राहावं लागतं. तेव्हा हिवाळा, ती आईकडे आली की वसंत.

आमच्या लेकीला कुणी पळवलेलं नाही. सासरची माणसं चांगली आहेत, हे आमचं भाग्यच. तरी आज ती निघताना मी डाळिंब सोललं, तिला ही गोष्ट सांगितली आणि तिच्या तळहातावर मोजून सहा दाणे ठेवले. म्हटलं, "इथे खाऊन जा."

"बाबा, सहाच? चिंगूसच आहात!" म्हणत तिने अख्खी वाटी उचलली.

"सावकाश खा गं," बायको म्हणाली.

बस चुकेल, हे दरवेळचं वाक्य आज माझ्याही तोंडून निघालं नाही.