बिनवासाची भुकटी

सत्तरच्या दशकात मी जालन्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. आमच्या सरांनी परदेशातल्या कुठल्याशा झुडपाच्या लाकडाची भुकटी मिळवली होती. तिचा अर्क बोंडअळीवर चालतो का, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी शिशी आणि बोंडाची वेगळी फोड. सरांना शोध लावायचा होता. मला ती भुकटी दादासाठी हवी होती.

माझा हा थोरला भाऊ वडीगोद्रीकडे पाठीवर पंप बांधून लोकांची कपाशी फवारायचा. पिंपात विष ओतायचं आणि कोपरापर्यंत उजवा हात घालून ढवळायचं. काठीनं म्हणे गुठळ्या राहतात. त्या विषाला सगळे औषध म्हणत, याचा मला संताप यायचा. फवारणीच्या दिवशी संध्याकाळी त्याला घास उचलता येत नसे. विष कातडीतून सगळ्या अंगात जातं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तो मात्र हाताला दोष देऊन मोकळा व्हायचा.

अर्क दिलेल्या अळ्यांनी खाणं सोडलं आणि त्या आखडून निम्म्या झाल्या. सरांचा अंदाज होता की स्नायूंच्या आत साठलेलं कॅल्शियम सुटतंय आणि त्याला आवरच राहत नाही, म्हणून स्नायू आवळतो तो पुन्हा सैल होत नाही. त्या दिवशी त्यांनी खुशीत सगळ्यांना भजी खाऊ घातली.

दिवाळीनंतर दादा दवाखान्यात आला, तिथून प्रयोगशाळेत. त्यानं शिशा बघितल्या, भुकटी हुंगली.

"वास न्हाई याला. डोकं उठायचं न्हाई," तो म्हणाला. "मंग हे हातानं ढवळलं तर चालंल?"

"अजून तपासलं नाही, दादा."

"तपास की. मी बसतो."

इतक्या आशेनं तो कधी काही बोलत नसे. प्रॅक्टिकलसाठी काढलेला बेडकाचा पाय समोरच होता. मी त्यावर अर्काचे थेंब सोडले. थोड्या वेळानं स्नायू आवळत गेला आणि तसाच ताठ राहिला. मिठाच्या पाण्यानं धुतला, तरी सुटेना. मला भीती वाटली.

"बेडूक आहे, माणूस नाही," मी उगाच म्हणाले.

"अळी झाली, बेडूक झाला. आता मीच राह्यलो," तो हसून म्हणाला.

दवाखान्यात सुई टोचून घ्यायला वर केलेली डावी बाही त्यानं खाली ओढली. उजव्या हाताला बटण लावता येईना. मी लावलं आणि म्हणाले, उद्या फवारणीला जाऊ नकोस.

"शब्द देऊन आल्तो, बाई," तो म्हणाला. "तू नको घाबरू. हा हात गेला कामातून, मलाबी कळतं. उद्यापासून डाव्यानं ढवळतो."