फुडं मालक हाय

कप जरा खाली ठेवा, नाहीतर हसता हसता चहा अंगावर सांडेल आणि बोल मला लागेल. माझ्या हातून आजवर पुष्कळ गोंधळ झालेत, पण ज्या दिवशी मी मालक झालो त्या दिवशी जो घातला ना, त्याला तोड नाही!

त्या वेळी सोलापुरात बैलगाड्यांचं राज्य होतं. हँडल मारून चालू करायच्या मालाच्या लॉऱ्या मोजक्याच, आणि त्यातल्या दोन-तीन आमच्या शेठच्या. एकीवर मी ड्रायव्हर. नोकरी म्हणाल तर झकास. पगार ठरल्या दिवशी हातात. टायर फुटला तर शेठचा फुटायचा, स्प्रिंगचा पाटा तुटला तर शेठचा तुटायचा. मी आपला बाभळीखाली बसून विडी ओढायला मोकळा.

पण माणसाला सुख टोचतं. मला एकच हौस, कुणीतरी आपल्याला 'मालक' म्हणावं. गिरणीच्या दारात लॉरी उभी केली की हमालसुद्धा मला ओलांडून बघायचे आणि विचारायचे, मालक कुठं आहेत? मनाला लागायचं हो.

अशात अक्कलकोटच्या एका व्यापाऱ्याची जुनी लॉरी विकायला निघाली. माझी शिल्लक काही पुरेना. तेव्हा मैंदर्गीचे माझे सासरे पुढं आले. त्यांना मी मामा म्हणतो. धनगर माणूस, त्यांनी माझ्यासाठी अर्धा कळप विकला. ज्यांनी मेंढरं राखलीत त्यांनाच कळेल हे काय असतं ते. बोलले एवढंच, "जावईबापू, मेंढरं चार पायांवर चालत्यात, तुमची गाडी चार चाकांवर. बगू."

नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेलो, तर शेठ रागावलेच नाहीत. म्हणाले, मालकी म्हणजे डोक्याला ताप असतो, तू चार दिवसांत कंटाळशील, तुझी जागा मोकळी ठेवतो. आणि खोटं कशाला बोलू? ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. गाडी नाही चालली तर परत यायला दार उघडं होतं ना!

तर पहिली खेप. मैंदर्गीहून ज्वारीची पोती भरली. मामा नवा फेटा बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून माझ्या शेजारी बसले. आपली मेंढरं कशी पळतात ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. इकडं घरी, शुक्रवार पेठेत, माझी बायको काशी आरतीचं ताट घेऊन उभी राहणार होती. मामांना ती अण्णा म्हणते. माझे अण्णा स्वतःच्या लॉरीत पुढं बसून येणार, असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

आता इथं धंद्यातली एक आतली गोष्ट सांगायला पाहिजे. सवारी घ्यायची नाही, अशी शेठची सक्त ताकीद असायची. पण रस्त्यात माणसं हात करायची, आम्ही त्यांना पोत्यांवर बसवायचो आणि मिळतील ते आणे आमच्या खिशात. सगळेच ड्रायव्हर करायचे, मी काही जगावेगळा नव्हतो. फक्त शेठचा वाडा नाक्याला लागूनच, आणि शेठ ओट्यावर रस्त्याकडं डोळे लावून बसलेले. म्हणून नाक्याच्या अलीकडं, वळणावरच्या चिंचेखाली लॉरी थांबवायची, सगळ्यांना उतरवायचं, आणि साळसूद चेहऱ्यानं पुढं जायचं. वर्षानुवर्षं हेच केलेलं.

त्या दिवशीही वाटेत एका कासारणीनं हात केला, पुढं दोघा विणकरांनी. घेतलं त्यांना वर. गाडी छान पळत होती. मामा खूश. म्हणाले, "मेंढरं लई जोरात पळत्यात की." मी तर हवेतच होतो. मालक झालो, मालक झालो, असं मनात घोळवत होतो.

आणि चिंच आली.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. तोंडही आपोआपच उघडलं. "उतरा, उतरा, बिगीबिगी. फुडं मालक हाय!"

वरची मंडळी सरावलेली. कासारीण टोपली घेऊन केव्हाच रस्त्याला लागली. मामा मात्र जागचे हलेनात. मग मी काय करावं? सांगायलाही लाज वाटते, पण मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणालो, "मामा, तुमी बी उतरा. मागनं चालत या. कुणी इचारलं तर मला वळकत न्हाय म्हणा."

"मालक?" मामा म्हणाले. "यारु मालक?"

कोण मालक, असं विचारत होते. मामांना राग आला की ते कानडीवर येतात, आणि फार आला की कानडीही बंद होते. ते गप्प उतरले. तिथंच मी ओळखायला हवं होतं. पण मला कुठली शुद्ध? ज्या सासऱ्यानं कळप विकला, त्याला भर उन्हात, नव्या फेट्यानिशी रस्त्यावर सोडून मी पुढं निघालो. शीळ घालत!

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? लॉरी नेली ती थेट शेठच्या वाड्यात. नेहमीच्या जागी, लिंबाखाली लावली. गाडी परस्पर कुणी बाहेर काढू नये म्हणून हँडल शेठच्या हातात द्यायचा नियम होता. मी हँडल पुसलं, दोन्ही हातांनी शेठना दिलं आणि बाजूला अदबीनं उभा राहिलो.

शेठनी हँडलकडं बघितलं, लॉरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सिद्राम, ही गाडी कुणाची?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नुसता डोकं खाजवायला लागलो. शेठना वाटलं, पोरगं कंटाळून परत आलं, लाजतंय बिचारं. अगदी मायेनं म्हणाले, बरं केलंस, जागा आहे तुझी, उद्यापासून ये.

आणि फाटकात मामा उभे. गुडघ्यापर्यंत धूळ, फेटा कलता. शेठचं बोलणं त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मालक," त्यांनी शेठना विचारलं, "ह्यो गडी तुमच्याकडं हाय व्हय?"

"माझाच तो," शेठ म्हणाले.

मामा माझ्याकडं वळले. "मग माजी मेंढरं कुटं हायत?"

अहो, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मामांना वाटत होतं मी त्यांना फसवलं. गाडी घेतलीच नाही, शेठचीच आणून दाखवली आणि त्यांचा कळप गिळला.

"मामा, गाडी माजीच हाय."

"मग मला उतरवलं कशाला?"

"मालक बगंल म्हणून."

"मालक कोन?"

"मीच की."

मामा माझ्या डोळ्यांत निरखून बघायला लागले. आजारी मेंढराला बघतात तसं.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चिंच, सवाऱ्या, उतरवायची सवय, सगळं घडाघडा ओकलो. तसतसा मामांचा चेहरा सैल होत गेला, आणि शेठचा आवळत गेला. आपण कुणाच्या ओट्यासमोर उभं राहून हे सांगतोय, ते मला अर्ध्यात उमगलं. पण अर्ध्यात थांबावं तर सासरा जातो, आणि पुरं सांगावं तर नोकरी जाते. मी मामांकडं बघितलं. घामानं फेट्याचा रंग त्यांच्या कपाळावर उतरला होता. पुरं सांगितलं.

"म्हणजे माझ्या गाडीवरूनसुद्धा?" शेठ म्हणाले.

"रोज न्हाय, शेठ."

शेठनी हँडल माझ्या हातात परत ठेवलं. "जा, मालक. ती जागा भरली."

बघा, जन्मात मला पहिल्यांदा मालक म्हटलं ते शेठनीच! हौस फिटली.

लोक आजही मला विचारतात, दुसऱ्याची नोकरी बरी की आपली गाडी बरी? मी काय सांगणार? मला निवडायला ठेवलं होतं कुणी?

मामा पुन्हा पुढं बसले. शुक्रवार पेठेत सगळी गल्ली गोळा झालेली. काशीनं लॉरीला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मग तिचं लक्ष गेलं ते अण्णांच्या पायांकडं. लॉरीत बसून आलेल्या माणसाला गुडघाभर धूळ कशी, असं तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

मी हळूच लॉरीमागं सरकलो. मामांनी फेटा नीट केला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावयाची गाडी लई झ्याक हाय, पोरी. निस्तं नाक्याच्या अलीकडं उतरून चालावं लागतंय."