व्हरांड्यातली बाई आणि एकेक चप्पल

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. शाळेत विज्ञान शिकवते, आणि मूल जरा किरकिरलं की मीठ-मिरच्या ओवाळणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. तरीही हे लिहायला बसलेय, कारण आमच्या उमरग्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ही गोष्ट फिरतेय. त्यात त्या बाईचे पाय उलटे झालेत, साडी पांढरी झालीय, परवा तर केस जमिनीला टेकले! कुणी पाहिलं हो? मी पाहिलंय तिला. माझं लेकरू मी तिच्या हातात दिलंय. साडी हिरवी होती आणि पाय तुमच्या-माझ्यासारखेच सरळ.

आमचं टॉकीज हायवेवरून जरा आत आहे. एकच पडदा. माझे सासरे, म्हणजे मामा, ते चालवतात. हल्ली माणसं येईनाशी झाली, म्हणून हॉल सोयाबीनच्या गोदामाला द्यायचं त्यांच्या मनात होतं. मीच हट्ट धरला... नवा मराठी पिक्चर लागतोय, शुक्रवारी दुपारचा शो फक्त बायकांसाठी ठेवू.

"एक शो भरवून दाखव," मामा म्हणाले. "न्हाय भरला तर गोदाम."

शो तुडुंब भरला! तिकिटं फाडायला मी दारात उभी, वेदू कडेवर. त्याला अजून वर्षही झालेलं नाही. पिक्चर सुरू झाला आणि आत एकेक लेकरू रडायला लागलं. एकेक आई उठून व्हरांड्यात जायची आणि थोड्या वेळानं मोकळ्या हातानं परत यायची. वेदूनंही सूर लावला तशी मीही बाहेर गेले.

व्हरांड्यात ओळीनं झोळ्या टांगलेल्या. कुणाची ओढणी, कुणाची शाल. मध्ये एक बाई, असेल माझ्याच वयाची, हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं. प्रत्येक झोळीखाली एकेक चप्पल.

"तुजी बी एक चप्पल ठेव हितं," ती म्हणाली. "लेकरू कुणाचं त्ये कळाय पायजे. अन् जा, बग जा निवांत. लई दिसानं बाया आल्यात."

मला वाटलं, मामांनी सोय केलीय. बोलतात फटकळ, पण माणूस मनानं चांगला, असंही वाटलं. तिनं माझ्या ओढणीची झोळी केली आणि वेदू तिच्या हातात गेल्या गेल्या गप्प झाला. मी एका पायात चप्पल घालून लंगडत आत गेले आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा एक पिक्चर अख्खा पाहिला. मनसोक्त रडले, हसले.

शो सुटला तेव्हा एकेका चपलेवर लंगडणाऱ्या बायकांचं हसून हसून पोट दुखलं. व्हरांड्यात लेकरं गाढ झोपलेली. बाई तेवढी नव्हती. चपलेला चप्पल जुळवून जिनं तिनं आपलं मूल घेतलं, एकीचीही चूक झाली नाही. वेदूची झोळी मी टाचा उंचावून, माझ्या हातानं छताच्या कडीतून सोडवली. हे नीट वाचा... माझ्या हातानं.

मग मामांना म्हटलं, "बाई चांगली ठेवलीत हो."

"कुठली बाई? तूच आणली असशील की!"

मी पळत व्हरांड्यात गेले. वर पाहिलं. तिथं गेल्या वर्षी बसवलेलं पांढरं, गुळगुळीत छत. कडी सोडाच, खिळ्याचं भोकसुद्धा नाही.

तोवर ही बातमी फाटकापर्यंत गेली होती आणि एकीचा नवरा मोटारसायकल तशीच टाकून आत आला. "परक्या बाईजवळ लेकरं सोडताव? काय झालं असतं म्हंजे?" त्याच्यामागं आणखी चार पुरुष जमले. माझं डोकंच फिरलं. काय झालं असतं? लेकरं झोपली होती! तुम्ही कुठं होतात? एका दुपारपुरतं पोर घरी सांभाळलं असतंत तर बायकोला ते कडेवर घेऊन यावं लागलं असतं का? पण माझं ऐकतो कोण. मामांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "बायकांचा शो बंद. गोदामच बरं."

घरी येऊन मी आत्यांपुढं, म्हणजे सासूबाईंपुढं, सगळा राग ओकला. गुडघ्यांमुळं त्या पडून होत्या. चपलेचं ऐकताच उठून बसल्या.

"ती रीत तुला कुणी सांगितली? लई जुनी हाय ती. तवा व्हरांड्यात कड्या व्हत्या झोळ्याला."

"म्हणजे तेव्हा लेकरं सांभाळायला बाई होती?"

"बाई कोण ठिवतंय? म्याच बसायची."

"प्रत्येक शोला?"

"व्हय. बाया म्हणायच्या, तुमचं काय, घरचं टॉकीज, कवा बी बगताल."

"मग पाहिलेत कधी?"

"दारातनं, अर्दामुर्दा. शेवट न्हाय बगितला कुठलाच. शेवटाला समदी लेकरं एकदमच उठायची."

आता तुम्ही म्हणाल, ती बाई म्हणजे आत्याच. इतकं सोपं नाही. आत्यांच्या हातावर गोंदण नाही. लग्नातल्या फोटोत त्यांचा चेहरा अगदी वेगळा आहे. आणि त्या दुपारी त्या घरात शेजारणीशी बोलत बसल्या होत्या. त्या संध्याकाळी हात भरून आलेत म्हणाल्या खऱ्या, पण ते त्या रोजच म्हणतात. ती बाई कोण, कड्या कुठून आल्या आणि कुठं गेल्या... मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर सांगा, उलटे पाय सोडून.

माझा संताप मात्र वेगळाच होता. घरात टॉकीज, आणि ह्या बाईनं एका पिक्चरचा शेवट पाहिलेला नाही! दुसऱ्याच दिवशी सकाळी मी आत्यांना टॉकीजवर घेऊन गेले आणि मामांना म्हटलं, "आत्यांसाठी पिक्चर लावा."

"एकटीसाठी मशीन लावू?"

"हो. आणि हा तुमच्याकडे." मी वेदूला त्यांच्या कडेवर बसवलं आणि पिक्चर सुरू होताच हॉलचं दार आतून लावून घेतलं.

आत्या मधोमध बसल्या. मी शेजारी. पिक्चर संपला, पडद्यावर नावं येऊन गेली, दिवे लागले.

"चला आत्या, संपला."

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "असंच बसू दे. कुणी हाकच मारंना झालंय."

तेवढ्यात व्हरांड्यातून मामांचा आवाज आला, "आरं ह्यो रडायलाय! कुणीतरी घ्या की!"

आत्या हलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले आणि समोरच्या कोऱ्या पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "सांग तुज्या मामास्नी, शुक्रवारचा बायकांचा शो व्हनार. आन् लेकरं त्येच सांभाळणार."