न उलटलेले पान

सकाळी सातच्या सुमारास माझ्या टेबलावर एक तिरपा उजेड येतो. खिडकीबाहेरच्या कडुलिंबाला चैत्रात मोहर आला की त्या उजेडाला कडूगोड वास सुटतो, आणि नुकत्याच उघडलेल्या पुस्तकाचा, शाईचा नि डिंकाचा वास त्यात मिसळला की आपण फार मोठे रसिक आहोत असे मला वाटू लागते. हे वाटणे गेली तीन वर्षे मी नेमाने उपभोगले. पुस्तक उजेडात धरायचे, मनात भरलेला एखादा उतारा मोबाइलवर टिपायचा, त्याखाली ‘सध्या वाचतो आहे’ असे लिहून मुखपृष्ठाचे छायाचित्र जोडायचे आणि परभणीतल्या नि आसपासच्या गावांतल्या दोनेकशे माणसांच्या आमच्या वाचनगटावर ते पाठवून द्यायचे. मग चहा. चहा निवेपर्यंत जोडलेले हात, फुले आणि ‘सर, काय हा व्यासंग!’ असे उद्गार यायला लागत, आणि मी ते उद्गार चहाच्या घोटाबरोबर सावकाश, चवीने गिळत असे.

आता हे लिहिताना मान वर होत नाही, पण लिहायला हवे. ‘सध्या वाचतो आहे’ हे विधान बहुतेक दिवशी खोटे असे. पहिल्या वर्षी मी खरोखरच वाचत होतो. पुढे मात्र पुस्तक आपल्या गतीने वाचून व्हायचे आणि सकाळ रोज व्हायची, या दोहोंचा मेळ बसेना. महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवून नजर तयार झालेली होती. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचे, बाजारात भेंडीचे शेंडे मोडून पाहावेत तशी चार पाने चाळायची, कोवळे लागेल ते उचलायचे आणि उरलेले पुस्तक कपाटात. पत्नी एकदा कपाट पुसता पुसता सहज म्हणाली, की तुमच्या पुस्तकांच्या पाठी अजून अगदी ताठ आहेत हो. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांची मी वर्गात पुष्कळ थट्टा केली आहे. स्वतःचा रंग मात्र मला दिसत नव्हता.

एका कादंबरीचेही असेच झाले. पौषातली, दात वाजवणारी सकाळ होती आणि पुस्तक मधोमध उघडले तो डोळ्यांसमोर एक निवृत्त टपालवाला उभा राहिला. ‘पुन्हा हा उंबरा चढू नकोस’ असे त्याने एका रागाच्या क्षणी लेकीला म्हटलेले आणि लेक खरोखरच निघून गेलेली. तो रोज दुपारी अंगणात दोन खुर्च्या मांडतो, एक स्वतःसाठी आणि एक तिच्यासाठी. ऊन सरकेल तशी तिची खुर्ची तो सावलीत ओढत राहतो, कारण अचानक आलीच तर तापलेल्या खुर्चीवर तिला बसावे लागू नये. स्वतःची उन्हात राहिली तरी त्याचे लक्ष नसते. संध्याकाळी सगळे अंगणच सावलीत जाते आणि खुर्ची सरकवण्याचे निमित्तही संपते. तिथे ते पान संपत होते. माझे काळीज हलले, हे खोटे नाही. पण हललेल्या काळजाने पान उलटावे, एवढेही मी केले नाही. बोटे लगेच मोबाइलकडे गेली.

त्या दिवशी फुलांचा नुसता खच पडला. दुपारी प्राध्यापकांच्या खोलीत एक सहकारी त्या खुर्चीचे तोंडभरून कौतुक करत असतानाच ताडकळसच्या सुलोचनाताईंचा संदेश आला. ताई अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेल्या; त्यांच्या गावातल्या माझ्या एका व्याख्यानानंतर त्यांनी माझा नंबर मागून घेतला होता. त्यांचे यजमान किसनराव चुडाव्याला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. माझा उतारा ताई रोज वहीत उतरवून घेत आणि जेवणानंतर त्यांना वाचून दाखवत, एवढे मला ठाऊक होते आणि त्याचा मला अभिमानही होता. ताईंनी लिहिले होते, ‘जय भीम सर. ह्यांनी विचारायला सांगितलंय, ती मुलगी शेवटी आली का?’

‘मी अजून वाचले नाही’ एवढे लिहायला कितीसा वेळ लागला असता? पण शेजारी कौतुक चालू होते, आणि माझा व्यासंग दोनेकशे माणसांना ठाऊक होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसे मी बोटांनी केले. ‘हो ताई, आली. स्वतःहून आली. कादंबरी संपते तेव्हा ती दारात उभी असते. वाचताना माझे डोळे भरून आले.’ हे शेवटचे वाक्य कोणी मागितलेही नव्हते. ते मी केवळ शैलीसाठी घातले.

चैत्राच्या अखेरीस ताईंनी फार संकोचाने विचारले, की ते पुस्तक चार दिवस मिळेल का, ह्यांना आता सबंध ऐकावेसे वाटते. मी मोठेपणाने कळवले, की मीच घेऊन येतो. रविवारी ताडकळसची बस धरली. खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी, भेगाळलेली रानं मागे सरत होती, वाऱ्याला तापल्या मातीचा वास होता, आणि मांडीवर ते ताठ पाठीचे पुस्तक. कोणी काही विचारलेच तर निदान शेवट ठाऊक असावा, अशा धूर्त हेतूने मी ते उघडले आणि सवयीने आधी तेच पान काढले. मग ते उलटले.

अगदी पुढच्याच पानावर, वरच्याच ओळीत, तो टपालवाला उठतो. दोन्ही खुर्च्या आत नेतो, चेहऱ्यावर पाणी मारतो, दाराला कडी घालतो आणि लेकीच्या गावची गाडी धरायला निघतो. लेक येत नाही. बाप जातो. एवढे जाणून घ्यायला एक पान उलटावे लागणार होते, आणि चार महिने ते माझ्या कपाटात तसेच पडून होते. माझ्या कानशिलांना चटके बसले. तरी मन मोठे वकिली असते. गोष्टीतली लेक आली काय नि बाप गेला काय, कोणाचे काय अडले, असे म्हणत मी ताडकळसला उतरलो.

घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचे, लख्ख सारवलेल्या अंगणाचे. किसनराव बाजेवर बसले होते, उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. जवळच्या शेवग्याच्या विरळ सावलीत एक लाल प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. नमस्कार करून मी तिच्यावर टेकणार, तोच सुलोचनाताई घाईने म्हणाल्या, “त्याच्यावर नगा बसू सर, तुमाला दुसरी आनते.” आणि जाता जाता त्यांनी ती लाल खुर्ची हातभर आत, सावलीत ओढली. ओढताना माझ्याकडे पाहून त्या किंचित हसल्या, आपण दोघे जाणतो अशा हसण्याने. मला दरदरून घाम फुटला. त्या भर उन्हात घामाचे कोणाला नवल वाटणार नव्हते, एवढेच बरे.

बाकीचे त्यांनी चहा टाकता टाकता, चुलीपुढून हलक्या आवाजात सांगितले. त्यांची एकुलती लेक प्रज्ञा. तिने आपल्या मनाने लग्न केले, किसनराव नको ते बोलले आणि ती जालन्याला गेली ती गेलीच. “पौषात तिला सातवा लागला व्हता, सर. मी लय मागं लागले ह्यांच्या. म्हनलं, बाप म्हनून नगा जाऊ, मुराळी म्हनून तिला आनायला तरी जावा, पयलं बाळंतपन हाय लेकीचं. तयार झाले व्हते बगा. धुतलेला सदरा काडून ठिवला व्हता. मंग तुमचं उत्तर आलं. तवापासनं म्हनायलेत, पुस्तकातली आपल्या पायानं आली, आपली बी येईल.”

बाळंतपण सासरीच झाले. मुलगी झाली, तिचे नाव ठेवून झाले, ती महिन्याची झाली. प्रज्ञा आईशी फोनवर बोलते. बापाला दे म्हणत नाही आणि बापही हात पुढे करत नाही. हे सगळे सांगताना ताईंच्या बोलण्यात माझ्याविषयी तक्रारीचा एक शब्द नव्हता. उलट तुमच्या त्या उत्तराने हे निदान बाहेर अंगणात तरी बसायला लागले, असे त्या कृतज्ञतेने म्हणाल्या. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला किती सोपे गेले असते!

आणि मला कळायला नको होते का? मी याच मातीतला. माझी आई दिवाळीला मामा मुराळी म्हणून दारात येईपर्यंत पिशवीलाही हात लावत नसे; न्यायला कोणी आल्याखेरीज माहेरी जाणे हे तिला स्वतःचा नि माहेरचाही अपमान वाटे. लेक रुसलेली, पोटुशी, उंबरा चढू नकोस असे ऐकून गेलेली. अशी लेक आपल्या पायांनी येत नसते, तिला आणायला जावे लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही समजते. ते साहित्याच्या प्राध्यापकाला समजले नाही, कारण त्याला त्या क्षणी लेक नको होती, शेवट हवा होता.

चहाचा कप हातात घेऊन मी अंगणात आलो. किसनरावांनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवले आणि आनंदाने म्हणाले, “आज पुस्तकच आनलं म्हनं सर तुमी. वाचा की. ती येती तिथलं वाचा.”

मी कबूल करतो, की त्या क्षणीही मला मोह झाला. ऐकणाऱ्याला दिसत नव्हते. पुस्तक हातात धरून मी लेकीचे येणे तोंडाने रचले असते, चांगले रचले असते, आणि कोणाला कधी कळले नसते. पण ती लाल खुर्ची समोर होती. मी म्हणालो, “किसनराव, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तेव्हा मी हे पुस्तक वाचलंच नव्हतं. ती येत नाही.”

शेवग्यावर एक साळुंकी ओरडत होती. मग त्यांनी विचारले, “न वाचताच सांगितलं?”

“हो.”

“डोळे भरून आले म्हनलं व्हतं तुमी.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मी त्याच्या आड लपलो असतो. पण तिथे नुसते आश्चर्य होते, चांगल्या घरचा माणूस चोरी करताना दिसावा तसे. मी कप खाली ठेवला.

“वाचा,” ते म्हणाले. “हाय ते वाचा.”

मी वाचले. बाप खुर्च्या आत नेतो, तोंड धुतो, कडी घालतो, निघतो, इथवर आलो तोच किसनरावांनी हात वर केला. “बास. पुढलं नगं.” आणि दाराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, “अगं, रेल्वेचा पास कुटं ठिवलाय माजा?” दारात उभ्या असलेल्या सुलोचनाताई पदराने तोंड झाकून आत वळल्या. निघताना मी ‘येतो’ म्हणालो. ते ‘हां’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी नावे गाळून ही हकिकत गटावर लिहिली. जोडलेले हात आले, फुले आली, आणि एका सज्जनांनी विचारले, ‘सर, अप्रतिम! कोणत्या पुस्तकातला उतारा?’ त्यांना मी काय दोष देणार. तीन वर्षे मीच त्यांना तसे वाचायला शिकवले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुलोचनाताईंचा संदेश आला. ‘सर, जालन्याला उतरलो. रिक्षात बसलोय. ह्यांनी धुतलेला सदरा घातलाय. तुम्हाला काय वाटतं, बोलेल का प्रज्ञा ह्यांच्याशी?’

माझ्या बोटांशी लगेच वाक्ये येऊन उभी राहिली. रक्ताची ओढ, नातीचा चेहरा, दारातले अश्रू; सगळी घडीव आणि सगळी धीर देणारी. एक तर मी निम्मे लिहिलेही. मग ते पुसले. त्या उन्हात, त्या अनोळखी शहरात, एक आंधळा माणूस रिक्षात बसून माझ्या उत्तराची वाट पाहत असणार हे मला कळत होते, आणि माझ्यापाशी त्याला द्यायला काहीच नव्हते. मी लिहिले, ‘माहीत नाही, ताई.’

संदेशाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. त्यांनी तो वाचला होता. संध्याकाळपर्यंत काही आले नाही, आणि मी विचारले नाही.