माझ्या दंडावरचा पट्टा

हे सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. विषय निघाला की मी उठून चप्पल शोधायचो. ज्यांना सांगायला हवं होतं ती दोघंही, वहिनी आणि डॉक्टर, आता नाहीत, तेव्हा लिहितोय. यात धाडस काही नाही.

माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, शेळगावात शेती आणि चार म्हशी सांभाळायचे. मी बारामतीत एका शाळेत क्लार्क होतो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. पासष्टीला टेकलेल्या आबांना चक्कर आली म्हणून मी त्यांना बारामतीला माझ्या डॉक्टरांकडे आणलं. ब्लडप्रेशर भरपूर निघालं. थोडं थांबून पुन्हा घेतलं, तर बरंच कमी. डॉक्टर म्हणाले, "काही जणांचं फक्त दवाखान्यात वाढतं. खरं काय ते चोवीस तासांच्या मशीननं कळेल. झोपेत ते उतरतं का, तेही बघायचंय. या वयात हृदयाला धोका किती, ते त्यावरून समजतं."

मशीन पुण्याहून दोनच दिवसांसाठी आलं होतं. दंडाला पट्टा, कमरेला डबा. दर अर्ध्या तासानं पट्टा आपोआप फुगायचा. त्या वेळी आपण काय करत होतो ते कागदावर लिहून ठेवायचं. आबांना लिहायचा कंटाळा, म्हणून मी रजा टाकून त्यांच्याबरोबर एसटीनं शेळगावला गेलो.

संध्याकाळी आबा धारेला बसले आणि डबा घुरघुरला. म्हैस बिचकली, लाथ झाडली, बादली कलंडली. तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. आबांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ती उभी राहत नसे.

"सोड रं हे भूत!" आबा ओरडले. "डेअरीत काय ह्या डब्यातली हवा घालू?"

"आबा, मोजणी चुकली तर सगळं फुकट जाईल."

"मग तू बांध तवर. एकाच आईचं दूध प्यालोय आपुन, काय फरक पडतोय?"

वहिनी दारातून हसल्या. "बांधा भावजी. तेवढंच तुमालाबी कायतरी काम."

मी पट्टा बांधला. आबांपेक्षा मी चौदा वर्षांनी लहान, खाटेवर पाय पसरून बसलेला. धार झाल्यावर तो परत त्यांच्या दंडाला जायला हवा होता. पण उसाला पाण्याची पाळी होती, भिजेल म्हणून माझ्याकडेच राहिला. जेवल्यावर त्यांनी जरा वेळ बांधून घेतला आणि झोपताना सोडून टाकला. दंड आवळतोय म्हणाले. रात्रभर मीच तो बांधून झोपलो. सकाळच्या धारेलाही तसंच. कागदावर मात्र मी शाळेच्या दाखल्यासारख्या स्वच्छ अक्षरात लिहीत गेलो: धार काढली. उसाला पाणी दिलं. झोप.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आकडे बघितले आणि खूश झाले. "बघा, इथून निघाल्यावर कसं उतरत गेलंय. रात्री तर एकदम छान." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "पट्टा पूर्ण वेळ यांच्याच दंडाला होता ना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मशीन संध्याकाळी परत जाणार होतं. पण खरं कारण ते नव्हतं. अडाण्यासारखं वागलो हे त्या खोलीत कबूल करायची मला लाज वाटली. मी "हो" म्हणालो.

"मग गोळ्या आत्ता नकोत. मीठ कमी करा, दोन महिन्यांनी दाखवा."

"म्हंजी डाक्टर, तुमालाच बगून वाढतंय व्हय माजं?" आबा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. दोन महिन्यांनी ते आले नाहीत. रिपोर्ट चांगला असल्यावर कशाला येतील?

आठ महिन्यांनी गोठ्यातच त्यांच्या छातीत कळ आली. जीपमधून बारामतीला आणेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर चक्रावले. "रिपोर्ट तर चांगला होता. मीठ कमी केलं नव्हतं का?" त्यांनी सहज विचारलं. वहिनी शेजारी उभ्या होत्या.

वहिनींनी ते वाक्य उचललं आणि मरेपर्यंत खाली ठेवलं नाही. दहाव्याला आमची बहीण सगळ्यांदेखत बोलली, "ठेच्यात मूठ मूठ मीठ घालायची ही. सांगून ऐकलं न्हाय." मी तिथंच बसलो होतो. त्या दिवसापासून वहिनींनी स्वतःच्या ताटात मीठ घेणं बंद केलं. पाहुण्यांना म्हणायच्या, "माज्या हातानं गेला माणूस."

गोळ्या सुरू झाल्या असत्या तर आबा वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण वहिनींच्या डोक्यावरचं ओझं मला एका वाक्यात उतरवता आलं असतं.

वहिनी शेवटच्या आजारात असताना मी ठरवून गेलो होतो. "वहिनी, त्या मशीनचं एक सांगायचं राहिलंय," इथपर्यंत आलो.

"कसलं मशीन, भावजी?" त्या म्हणाल्या. त्यांना ते आठवतही नव्हतं. मीठ तेवढं आठवत होतं. सुनेला म्हणाल्या, "भावजींना च्या ठेव." मी चहा प्यालो, पाऊसपाण्याचं बोललो आणि पाचच्या गाडीनं परतलो. पंधरा दिवसांनी त्याही गेल्या.

वहिनी, आबांना तुमच्या मिठानं नेलं असं डॉक्टरांना वाटलं, कारण मी त्यांच्याशी खोटं बोललो. ते चांगले आकडे आबांचे नव्हते, माझे होते. दहाव्याला सगळे तुम्हाला बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो, आणि पुढंही गप्पच राहिलो. मला माफ करा.